बळी घेतो तो सरळ चेंडू

पुण्याजवळ मावळ तालुक्यातल्या गहुंजेच्या मैदानावर झालेल्या तीन कसोटींचे धावफलक शेजारी शेजारी मांडले की एक गंमत दिसते. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पडलेल्या ४० पैकी ३१ बळी फिरकीने घेतले आणि आपण ३३३ धावांनी हरलो. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ४० पैकी ३७ बळी फिरकीचे, दोन धावबाद, आणि सगळ्या वेगवान गोलंदाजांत मिळून एक. तिथे आपण ११३ धावांनी हरलो आणि मायदेशातली सलग १८ मालिका विजयांची माळ तुटली. मधली ऑक्टोबर २०१९ ची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी मात्र वेगळी. तिथे २५ बळी पडले, त्यातले १३ वेगवान गोलंदाजांचे आणि १२ फिरकीचे. तो सामना आपण एक डाव आणि १३७ धावांनी जिंकला.

भारतात चेंडू वळायला लागला की पाहुणे संपले, हे समीकरण निदान मावळ तालुक्यात तरी लागू पडलेलं नाही. तीन सामन्यांवरून सिद्धांत मांडू नये हे मान्य. पण कारण शोधत गेलं तर ते माती, भूमिती आणि माणसाच्या डोळ्याचा वेग यांत सापडतं, आणि या तिन्ही गोष्टी गहुंजेपुरत्या नाहीत.

मातीपासून सुरुवात करू. काळी माती म्हणजे काय हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि बाहेर पडतं, त्याचा हा परिणाम. लाल मातीत लोह जास्त आणि फुगणारं चिकण कमी, त्यामुळे ती लवकर वाळते, टणक राहते आणि तुटली तर भुगा होऊन तुटते. म्हणून लाल मातीवर चेंडू वळतो आणि उसळतोही, काळीवर वळतो पण खाली राहतो. वानखेडेवर यष्टिरक्षक छातीजवळ चेंडू धरताना दिसतो आणि काळ्या मातीवर तोच गुडघ्याजवळ, ते यामुळे. २०२४ ला गहुंजेत काळ्या मातीची खेळपट्टी होती.

पट्टी २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद. तिची सामन्यासाठीची तयारी साधारण दोन आठवडे आधी सुरू होते. आधी भरपूर पाणी देऊन ती खोलवर भिजवतात आणि मग थांबतात. इथे शेतीतलाच शब्द वापरायचा तर जमीन वाफशावर यावी लागते. ओल जास्त असताना रोलर फिरवला तर माती रोलरला चिकटते आणि वरचा थर लाटेसारखा सरकतो. फार वाळल्यावर फिरवला तर टनाचा रोलरही तिच्यावरून नुसता फिरून जातो, काही दाबलं जात नाही. वाफशावर असताना आधी हलका रोलर, मग जड, आडवा आणि उभा, असे दिवसागणिक हात मारले की मातीचे कण एकमेकांत बसतात आणि आतली हवा निघून जाते. जुने माळी अंगठा दाबून किंवा किल्ली खुपसून ओल ओळखतात. आता ओल मोजणारी यंत्रं आहेत, पण किल्ली काही खिशातून गेलेली नाही.

या मातीला धरून ठेवणारी दुसरी गोष्ट म्हणजे गवत. खेळपट्टीवर लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीच्या दूर्वाच. तिच्या मुळ्यांचं जाळं मातीत सळ्यांसारखं काम करतं. वरचं पातं कापलं तरी मूळ जिवंत असेपर्यंत पट्टी फुटत नाही. पाच दिवस टिकणारी पट्टी हवी असेल तर पातं दोन-चार मिलिमीटरपर्यंत छाटून मुळाला पाणी देत राहायचं. फिरकीची पट्टी हवी असेल तर उलट करायचं: गवत आधीच भादरून टाकायचं, पाणी चार-पाच दिवस आधी तोडायचं, आणि काही ठिकाणी तर कडक झाडूने किंवा तारेच्या ब्रशने पृष्ठभाग घासायचा. मुळं सुकतात, माती आकसते, वरचा थर सैल होतो.

टप्प्याच्या जागीच हे जास्त करता येतं. फलंदाजाच्या रेषेपासून तीन ते पाच मीटरचा पट्टा, म्हणजे फिरकीचा चांगला टप्पा जिथे पडतो तेवढाच कोरडा ठेवायचा आणि मधल्या भागाला रोलर आणि पाणी द्यायचं. समोरच्या संघात डावखुरे फलंदाज जास्त असतील तर त्यांच्या ऑफ यष्टीबाहेरचा चौकोन. टीव्हीवर सामन्याच्या आदल्या दिवशी पट्टी वरून दाखवतात तेव्हा दोन्ही टोकांना फिकट आणि मध्ये गडद असा रंग दिसला तर समजावं की पाण्याची झारी सगळीकडे सारखी फिरलेली नाही.

यात बिघडतं कुठे? बहुतेक वेळा खोलीत. वरचा इंच वाळतो आणि खाली ओल राहते. अशी पट्टी पहिल्या दिवशी चेंडूला थांबवून सोडते, उसळी मरते, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत ती कशी वागेल हे कोणालाच सांगता येत नाही. उलट बाजूने, खालपर्यंत कोरडी ठणठणीत झालेली पट्टी पहिल्याच सकाळी ढलप्यांत फुटते. ढलप्याच्या मध्यावर पडलेला चेंडू सरळ घसरतो, कडेवर पडलेला उसळतो किंवा वळतो. २०१७ ची पट्टी या दुसऱ्या प्रकारची होती. पहिल्या तासात टप्प्यावर धूळ उडत होती आणि अश्विन नवा चेंडू घेऊन सुरुवात करत होता. सामना तीन दिवसांत संपला आणि आयसीसीच्या सामनाधिकाऱ्यांनी पट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला.

आता भूमिती. हा भाग थोडा आकड्यांचा आहे, पण सगळं रहस्य इथेच आहे.

बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.४. चेंडूचा व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर, त्रिज्या ३.६. तीन यष्ट्यांची एकूण रुंदी २२.८६. समजा चेंडू बॅटपासून तीन मीटरवर टप्पा खातो आणि फलंदाज बॅटचा मध्य चेंडूच्या मूळ रेषेवर धरून उभा आहे. चेंडू एक अंशाने वळला तर बॅटपाशी येईपर्यंत तो ५.२ सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो, म्हणजे बरोबर कडेवर. दोन अंशांनी वळला तर साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे बॅटला न लागता निघून जातो. पाच अंशांनी वळला तर २६ सेंटिमीटर, म्हणजे यष्ट्यांच्या पूर्ण रुंदीपेक्षा जास्त. समालोचक ज्याला ‘हातभर वळला’ म्हणून ओरडतात तो चेंडू दिसायला भयंकर असतो, पण त्याने फलंदाज सहसा बाद होत नाही. त्याने फलंदाजाचं डोकं बाद होतं.

कारण त्या चेंडूनंतर फलंदाज बॅट बदललेल्या रेषेवर धरायला लागतो. तो चार अंशांच्या वळणासाठी खेळतो, म्हणजे बॅट मूळ रेषेपासून २१ सेंटिमीटर बाहेर. आणि मग एक चेंडू वळतच नाही. शिवणीवर न पडता चामड्यावर पडतो, किंवा ढलप्याच्या टणक भागावर पडतो, आणि सरळ आत घसरतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू ते तीन मीटर एक अष्टमांश सेकंदाच्या आसपास कापतो. टप्पा पडल्यावर पाहून बॅट २१ सेंटिमीटर परत आणायला डोळा आणि हात यांना इतका वेळ पुरत नाही. पायचीत किंवा त्रिफळाचीत.

यात गोलंदाजाचं कौशल्य किती? हा प्रश्न गोलंदाजांना आवडत नाही. बोटांनी चेंडू फिरवणारा गोलंदाज एकाच पद्धतीने सहा चेंडू टाकतो, त्यातले दोन शिवणीवर पडतात आणि बाकीचे चामड्यावर. कोणता कुठे पडणार हे त्यालाही माहीत नसतं. चांगल्या पट्टीवर हा फरक किरकोळ असतो. फुटलेल्या पट्टीवर तोच फरक शून्य अंश आणि पाच अंश असा होतो. जे गोलंदाजाला माहीत नाही ते फलंदाजाने हातावरून ओळखायचं कसं?

२०१७ चा ऑस्ट्रेलियाचा डावखुरा फिरकीपटू स्टीव्ह ओकीफ हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. पहिल्या डावात ३५ धावांत ६, दुसऱ्या डावात पुन्हा ३५ धावांत ६. सामन्यात ७० धावांत १२. त्याची पूर्ण कारकीर्द नऊ कसोटी आणि ३५ बळींची, त्यातले एक तृतीयांशाहून जास्त या एका सामन्यात. भारत ३ बाद ९४ वरून सर्वबाद १०५. त्यातले तिघे ओकीफच्या एकाच षटकात गेले. दुसऱ्या डावात विराट कोहलीने त्याचा चेंडू बाहेर वळेल म्हणून बॅट वर उचलून सोडून दिला आणि त्या चेंडूने यष्टी घेतली. त्या एका चेंडूत वरची सगळी भूमिती आहे.

२०२४ ला न्यूझीलंडच्या डावखुऱ्या मिचेल सॅंटनरने तेच केलं, फक्त वेगात जास्त चढउतार ठेवून. त्याआधी त्याच्या नावावर कसोटीत डावात पाच बळी एकदाही नव्हते. गहुंजेत ५३ धावांत ७ आणि १०४ धावांत ६. पहिल्या डावातल्या त्या सातांपैकी सहा पायचीत किंवा त्रिफळाचीत. स्लिपमधल्या झेलांचा सामना नव्हता तो. कोहली तर चक्क फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला: टप्पाच नाही, त्यामुळे पट्टीचा संबंधही नाही, पण मनात पट्टी इतकी घुसलेली होती की हवेतला सोपा चेंडू आडव्या बॅटने खेळायला गेला. आपल्या बाजूने वॉशिंग्टन सुंदरने ५९ धावांत ७ घेतले, त्यातले पाच त्रिफळाचीत.

दोन्ही वेळा आपल्याला गुंडाळणारा डावखुरा फिरकीपटूच होता, हाही योगायोग नाही. डावखुरा गोलंदाज यष्टीच्या बाजूने येऊन उजव्या फलंदाजाला टाकतो तेव्हा त्याचा चेंडू हवेतून आत येतो आणि टप्प्यावरून बाहेर जातो. वळला तर कड, नाही वळला तर तो आधीच यष्ट्यांच्या दिशेने निघालेला असतो. ऑफस्पिनरला उजव्या फलंदाजाविरुद्ध ही सोय नाही. त्याचा न वळलेला चेंडू बहुतेक वेळा ऑफ यष्टीबाहेरून जातो, म्हणून त्याला यष्टीच्या जवळून किंवा दुसऱ्या बाजूने कोन बदलावा लागतो. २०१७ ला आपले पहिले सहाही फलंदाज उजवे होते. ओकीफला ओळ बदलायचीही गरज पडली नाही. डीआरएस, म्हणजे पंचांचा निर्णय तिसऱ्या पंचांकडून तपासून घेण्याची सोय, आल्यापासून पाय पुढे टाकून पॅडने खेळण्याची पळवाटही बंद झाली आहे. पूर्वी पंच शंकेचा फायदा देत, आता चेंडूचा मार्ग पडद्यावर दिसतो. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात आपले दोन्ही रिव्ह्यू सलामीच्या दोघांनीच संपवले होते. अशा पट्टीवर हे दिवाळं निघाल्यासारखंच, कारण पुढच्या प्रत्येक अपिलावर पंचांचं बोट शेवटचं.

आता मूळ मुद्द्याकडे. दोन संघांच्या फिरकीत मोठं अंतर असेल तर बेताची वळणारी पट्टी हवी, फार वळणारी नको. अश्विन आणि जडेजा यांच्याकडे २०२४ च्या त्या सामन्यात उतरताना मिळून आठशेहून अधिक कसोटी बळी होते. ती कमाई कशाची? हवेत चेंडू थांबवणं, ड्रिफ्ट (चेंडूचं हवेतच बाजूला सरकणं), टप्प्याच्या दहा-वीस सेंटिमीटरच्या फरकाने फलंदाजाला पुढे-मागे खेचणं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी संयमाने सापळा रचणं याची. पट्टीच पहिल्या दिवसापासून सगळं करून देत असेल तर या कसबाची किंमत उतरते. मग फक्त एक गोष्ट लागते: वेगाने आणि एका जागी टाकत राहणं. ते ओकीफलाही येतं.

याचा टोकाचा पुरावा हवा असेल तर दोन स्पेल आठवावेत. नोव्हेंबर २००४, वानखेडे: ऑस्ट्रेलियाचा मायकेल क्लार्क, ६.२ षटकं, ९ धावा, ६ बळी. फेब्रुवारी २०२१, अहमदाबाद: इंग्लंडचा जो रूट, तेवढीच ६.२ षटकं, ८ धावा, ५ बळी. दोघेही मुळात फलंदाज. ते दोन्ही सामने आपण जिंकले म्हणून या आकड्यांकडे कोणी फार गांभीर्याने पाहिलं नाही. पण ज्या पट्टीवर क्लार्क सहा बळी घेतो त्या पट्टीवर कुंबळे आणि हरभजन असण्याचा फायदा किती उरतो, हा हिशेब तेव्हाच करायला हवा होता. अहमदाबादमध्येही अक्षर पटेलने दोन डावांत मिळून ११ घेतले ते मुख्यतः न वळलेल्या, घसरून आत आलेल्या चेंडूंवर. २०१२ ला वानखेडेवर तीन फिरकीपटू घेऊन उतरलो आणि इंग्लंडच्या पानेसर-स्वान या फिरकी जोडीने १९ बळी घेतले. २०२३ ला इंदूरमध्ये पहिल्याच सकाळी चेंडू वळत होता. आपण १०९ मध्ये संपलो, त्यांच्या फिरकीपटू कुनेमनने १६ धावांत ५ घेतले आणि ऑस्ट्रेलिया नऊ गडी राखून जिंकली.

याच्या उलट २०१९ चं गहुंजे. पट्टी टणक होती, पहिल्या दिवशी वेगवान गोलंदाजाला थोडं काही होतं, फलंदाजाला बरंच होतं. मयंक अग्रवालच्या १०८ आणि कोहलीच्या नाबाद २५४ च्या जोरावर आपण ५ बाद ६०१ वर डाव सोडला. मग दक्षिण आफ्रिकेचे २० बळी कसे पडले? दहा वेगवान गोलंदाजांना, दहा फिरकीला, बरोबर निम्मे. उमेश यादवने दोन डावांत सहा घेतले. त्यांचा फिरकीपटू केशव महाराजला त्याच पट्टीवर १९६ धावा देऊन एक बळी मिळाला, कारण तिथे बळी मिळवावा लागत होता, पट्टीने हातात ठेवलेला नव्हता. चांगल्या संघाला असलीच पट्टी मानवते. सामना लांबतो, आणि लांबलेल्या सामन्यात चुका कमी करणाराच जिंकतो.

मग फिरकीचा आखाडा करायचाच कशाला? एक कारण गुणांचं आहे. जागतिक कसोटी स्पर्धेत विजयाला १२ गुण आणि अनिर्णित सामन्याला ४. मायदेशात एक सामना अनिर्णित राहिला की दोन तृतीयांश गुण गेले, म्हणून यजमानांना निकाल हवाच असतो. दुसरं कारण भीतीचं. २०२४ च्या त्याच मालिकेत बंगळुरूमध्ये ४६ धावांत बाद होऊन हरल्यावर आठवड्याभरात पुण्याला आल्यावर संघ ओळखीच्या औषधाकडे हात घालतो. फिरकीपटू कुलदीप यादवला बसवून फलंदाजी करणाऱ्या सुंदरला घेणं हेही त्याच काळजीतून आलेलं. तो निर्णय गोलंदाजीत सोळा आणे बरोबर ठरला. मात्र त्याला ११ बळी मिळूनही सामना गेला.

सामना नेमका कुठे गेला तेही आकड्यांत आहे. न्यूझीलंड २५९ आणि २५५, भारत १५६ आणि २४५. पहिल्या डावांत १०३ चा फरक, दुसऱ्या डावांत दहाचा. म्हणजे चौथ्या डावात, सगळ्यात फुटलेल्या पट्टीवर, आपण जवळपास बरोबरीने खेळलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पट्टी तुलनेने ताजी असताना, सामना सोडून आलो. चौथ्या डावात उपाहाराला १२ षटकांत १ बाद ८१ होते. फिरकीच्या पट्टीवरचा ठरलेला सल्ला ‘चौथ्या डावात फलंदाजी टाळा’ असा असतो आणि तो बरोबरच आहे, पण त्यातून पहिल्या डावाचं वजन लपतं. तिन्ही गहुंजे कसोटींत नाणेफेक जिंकणाऱ्याने फलंदाजी घेतली आणि तोच सामना जिंकला. दोनशे साठच्या आसपासचा पहिला डाव, जो एरवी कर्णधाराला झोप येऊ देत नाही, तो अशा पट्टीवर साडेतीनशेसारखा वागतो. २०१७ ला ऑस्ट्रेलिया ९ बाद २०५ होती. तिथून मिचेल स्टार्कने हेझलवूडला एका बाजूला उभा करून शेवटच्या जोडीसाठी ५५ जोडले, स्वतः ६१. आपला पूर्ण डाव १०५ चा, म्हणजे त्या एका भागीदारीची किंमत आपल्या निम्म्या डावाएवढी. शेपटाला बाद करण्यात आपण दाखवलेला आळस हा तिथला खरा गुन्हा होता, पण चर्चा पट्टीचीच झाली.

रोलरबद्दल लोक कमी बोलतात. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला (सामन्याचा पहिला डाव सोडून) आणि प्रत्येक दिवशी खेळ सुरू होण्यापूर्वी फलंदाजी करणारा कर्णधार जास्तीत जास्त सात मिनिटं रोलर मागू शकतो, जड किंवा हलका. जड रोलरने सुटे ढलपे तात्पुरते बसतात आणि पहिला तास जरा बरा जातो. पण कोरड्या मातीत ओल नसल्याने ते चिकटत नाहीत, उलट कडा मोडून भुगा वाढतो आणि दुपारी दुप्पट त्रास. म्हणून तिसऱ्या दिवशी हलका रोलर घेणारा कर्णधार दिसला तर त्याला घाबरट म्हणू नये; त्याने विचार केलेला असतो.

नवा चेंडू हाही असाच विषय. भारतातल्या कसोटींत वापरतात त्या एसजी चेंडूची शिवण हाताने घातलेली आणि उठावदार असते, नवा असताना ती माती पकडते, आणि चामडं चकचकीत असल्याने चामड्यावर पडलेला चेंडू घसरतो. वळणारा आणि घसरणारा यांतला फरक सगळ्यात मोठा असतो तो पहिल्या पंधरा-वीस षटकांत. चाळीसच्या पुढे चेंडू मऊ होतो, सगळेच चेंडू सारख्या आळसाने वळतात आणि खेळायला सोपे होतात. धावा काढायच्या तर त्या मधल्या पट्ट्यात, ८० षटकांनंतर नवा चेंडू येण्याआधी.

फलंदाजीचं म्हणाल तर २०१७ च्या दुसऱ्या डावातला स्टीव्ह स्मिथ पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. १०९ धावा, म्हणजे आपल्या दोन्ही डावांपेक्षा प्रत्येकी जास्त. त्याला जीवदानं भरपूर मिळाली हे खरं, पण पद्धतही होती. तो न वळणाऱ्या चेंडूच्या रेषेवर खेळत होता. वळलेला चेंडू बॅटच्या बाहेरून गेला तर जाऊ दे, त्याचा पाठलाग करायचा नाही. वरची भूमिती आठवा: दोन अंशांपेक्षा जास्त वळलेला चेंडू कडेलाही लागत नाही. बाहेरून मार खाणं अपमानास्पद दिसतं, प्रेक्षक ओरडतात, यष्टिरक्षक हसतो, आणि फलंदाज नाबाद राहतो. आपल्या फलंदाजांना लहानपणापासून शिकवलेलं असतं की चेंडूचा मध्य सापडलाच पाहिजे. पाटा पट्टीवर ते सौंदर्य आहे, आखाड्यावर तीच खोड.

दुसरा मार्ग स्वीपचा, म्हणजे गुडघ्यावर बसून आडव्या बॅटने मारलेल्या फटक्याचा. न्यूझीलंडच्या टॉम लॅथमने २०२४ ला दुसऱ्या डावात ८६ केल्या त्या बऱ्याचशा गुडघ्यावर बसून. स्वीप टप्प्याजवळ जाऊन वळण्याआधी चेंडू गाठतो, आणि गोलंदाजाची लांबी बिघडवतो. पण काळ्या मातीवर उसळी खाली राहिली तर आडवी बॅट वरून जाते आणि पायचीत. म्हणून स्वीप यष्टीबाहेरच्या चेंडूला आणि पाय पूर्ण पुढे काढून. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट मागे जाणं. मागे गेल्याने वेळ मिळतो असं वाटतं, मात्र चेंडूला वळायला आणखी दीड मीटर मिळतो आणि सरळ राहिला तर पॅड यष्टीसमोरच असतं.

क्षेत्ररक्षणात फलंदाजाला खेटून उभे राहणारे शॉर्ट लेग आणि सिली पॉइंट दिसायला आक्रमक वाटतात, पण पायचीत-त्रिफळाच्या पट्टीवर त्यांचं काम फलंदाजाच्या डोळ्यांसमोर उभं राहणं एवढंच उरतं. स्लिप मात्र काळ्या मातीवर नेहमीपेक्षा एक पाऊल पुढे हवी, नाहीतर झेल पुढ्यात पडतो. कर्णधारांची नेहमीची चूक म्हणजे चार जवळचे क्षेत्ररक्षक लावून सीमारेषा मोकळी सोडणं. दोन चौकारांनी लय गेलेला गोलंदाज अशा पट्टीवरही साधा होतो.

पुढच्या वेळी गहुंजेत कसोटी असेल तेव्हा पहिल्या तासात धूळ किती उडते ते सगळे पाहतील. पाहायचं ते दुसरंच: नवव्या-दहाव्या षटकात फिरकी लागली की न वळलेल्या चेंडूवर फलंदाजाची बॅट कुठे आहे, आणि यष्टिरक्षकाचे हातमोजे किती उशिरापर्यंत जमिनीला टेकलेले आहेत. मोजे शेवटच्या क्षणापर्यंत खालीच राहत असतील आणि बॅट पॅडपासून लांब बाहेर दिसत असेल, तर तिकीट चौथ्या दिवसाचं काढू नका.